दोहाच्या बर्फावरचा रिकामा गोल

आठ वर्षांपूर्वी मी एका चांगल्या प्रशिक्षकाची नोकरी घालवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाळू, समुद्र, चहा असं बरंच येणार आहे आणि ते वाचून मी हौसेने कतारला गेलो होतो असा कुणाचा समज व्हायला नको.

पुण्याजवळच्या एका कॉलेजात मी शारीरिक शिक्षण संचालक आहे. माझं सगळं आयुष्य कबड्डीत गेलं. मृणाल आमच्याकडे मानधनावर आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. मुलींचा आइस हॉकीचा संघ बांधायचा आहे, असं ती म्हणाली तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही मोकळेपणाने हसलो. पुण्यात बर्फ असतो तो रसवंतीत. तीही हसली आणि दुसऱ्या दिवसापासून बास्केटबॉलच्या कोर्टावर चाकांचे स्केट्स घातलेल्या अकरा मुली बर्फावरच्या चकतीऐवजी चेंडू घेऊन धडपडायला लागल्या. दुसऱ्या हिवाळ्यात ती त्यांना लेहला एका स्पर्धेला घेऊन गेली. व्यवस्थापक म्हणून मी सोबत होतो.

उपांत्य सामन्यात आम्ही एका गोलने मागे होतो. शेवटचं मिनिट चालू होतं. मृणालने हात वर करून आमच्या गोलकीपरला, गौरीला, बाहेर बोलावलं. एकोणीस वर्षांची ती पोरगी गोल मोकळा टाकून बाकाकडे आली आणि तिच्याऐवजी दुसरी मुलगी आक्रमणाला धावली. तेवढ्यात समोरच्या मुलीने अर्ध्या मैदानातून चकती ढकलली. ती सावकाश घरंगळत रिकाम्या गोलात गेली.

मी थक्क झालो. गोल कुणी असा सोडतं का? उरलेल्या काही सेकंदांसाठी गौरी परत गोलमध्ये गेली. शिट्टी झाल्यावर आमच्या मुली तिच्याकडे निघाल्या होत्या. मी कठड्याजवळून ओरडलो, "हरलात आणि मिठ्या कसल्या मारताय? बाहेर या आधी!" मुली बाहेर आल्या. गौरी एकटीच बर्फावर उभी राहिली.

परत आल्यावर मी अहवाल लिहिला. प्रशिक्षकाने गोलकीपरला बाहेर बोलावून सामना हातचा घालवला, समोरच्या संघाची प्रशिक्षक तिची जुनी मैत्रीण होती, हेही लक्षात घ्यावं. 'मॅडमनी बोलावलं म्हणून मी गोल सोडून आले' असं एक वाक्य गौरीकडून लिहून घेतलं आणि खाली तिची सही घेतली. चौकशी समिती नेमली गेली.

समितीपुढे नियमाचा आकडा सांगता यावा म्हणून मी लायब्ररीत गेलो. मृणालनेच मागवलेलं आइस हॉकीच्या नियमांचं पुस्तक तिथे होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की गोलकीपरला केव्हाही बाहेर घेऊन त्याच्या जागी जादा खेळाडू उतरवता येतो. मागे पडलेला संघ शेवटच्या मिनिटात हेच करतो, असं खाली टिपेत होतं. सामन्याला तेव्हा आठ दिवस झाले होते आणि चौकशीला चार दिवस उरले होते. पुस्तक मी नोंद न करता पिशवीत घातलं आणि माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

समितीपुढे मृणालने फोनवर परदेशातले सामने दाखवले. प्राचार्य म्हणाले, "फोनवर काय, काहीही दाखवतात. पुस्तक आणा." ती लायब्ररीत धावत गेली आणि हात हलवत परत आली. पुस्तक जागेवर नव्हतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "एवढी वर्षं मी खेळात आहे. असं कधी पाहिलं नाही."

हे वाक्य खरं होतं. म्हणूनच ते मला जास्त छळतं.

मृणालचा करार संपवला, संघ मोडला. गौरी पुन्हा खेळताना दिसली नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी ऑफिसातल्या क्लार्कने माझ्यासमोर एक ईमेल छापून ठेवला. मृणाल आता दोहाला होती. तिथल्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला ती शिकवत होती आणि तिथे प्रशिक्षकाची कायमची जागा निघाली होती. त्यासाठी तिला जुन्या कॉलेजचं अनुभव प्रमाणपत्र हवं होतं. क्लार्क म्हणाला, "सर, फाईलला तुमचा रिपोर्ट लागलाय. कसं करायचं?"

"मी बघतो," म्हणालो. मग एक गोड पत्र टाईप करून घेतलं: दोन वर्षं सेवा, वर्तणूक चांगली. फाईलमधला अहवाल तसाच राहू दिला. पत्र ईमेलने पाठवता आलं असतं, पण हात चालेना. माझ्या बहिणीचा मुलगा विकास कतारला मेसईदमध्ये कंपनीची बस चालवतो. त्याला भेटायला जातो असं घरी सांगून तिकीट काढलं. बॅगेत वर चिवडा-चकल्या आणि तळाशी ते पुस्तक.

विमान खाली उतरायला लागलं तेव्हा समुद्र कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते ते कळेना. दोन्हींवर एकच फिकट धुरळा होता. मग त्यातून काचेच्या इमारती वर आल्या. बाहेर विकास उभा होता, कंपनीचा निळा शर्ट घालून. पाया पडला आणि म्हणाला, "मामा, वाळलाय की! मामीनं जेवाण बंद केलं का काय?"

कोरेगावकडचा हा पोरगा पाच वर्षं इथे आहे. बायको आणि दोन मुलं गावाला. कंपनीच्या वसाहतीत पाहुण्याला राहता येत नाही, म्हणून त्याने फरीज बिन ओमरानमध्ये (फरीज म्हणजे वस्ती) सुट्टीवर गेलेल्या एका मित्राची खाट माझ्यासाठी मिळवली होती. एका खोलीत तीन खाटा, एक फ्रीज, खिडकीत वाळत घातलेले मोजे. बाकीचे दोघे नगर जिल्ह्यातले सुतार. चकल्यांचा डबा उघडला तेव्हा त्यांतला एक नुसता वास घेत बसला. "ह्या घरच्या हायेत," तो दुसऱ्याला म्हणाला. "दुकानातल्या न्हाईत."

बिन ओमरान म्हणजे चार-पाच मजली मातकट रंगाच्या इमारती, खाली इस्त्रीवाले, न्हावी, किराणा. गल्लीच्या तोंडाशी केरळी माणसाचं चहाचं दुकान. मोटारी समोर येऊन हॉर्न वाजवतात आणि आतला पोऱ्या कप घेऊन धावतो. तिथला करक (वेलदोडा घालून खूप वेळ आटवलेला दाट चहा) मला फार आवडला. पहिल्या दिवशी तीन प्यायलो आणि रात्रभर जागा राहिलो. जागरणाचा दोष चहाला दिला.

दुसऱ्या दिवशी विकासने मला मेसईदला नेलं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना सपाट माळ, त्यावर गवताची काडी नाही. मग एकाएकी कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागतात. त्यांतल्या दोन-तीन चिमण्यांच्या तोंडाशी भर दुपारी ज्योत पेटलेली होती. खत, पोलाद, रसायनं, सगळं इथेच तयार होतं आणि बंदरातून बाहेर जातं. कारखान्यांच्या पलीकडे वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्या थेट समुद्रात उतरतात. मी वाळूत बसलो. पाणी पायापासून दहा पावलांवर होतं.

"हितं शुक्रवारी गाड्या उडवायला येत्यात शेख लोक," विकास म्हणाला. "मी नुसता बगत बसतो. पोरांना व्हिडिओ कॉल लावतो. धाकटी म्हनती, पप्पा, तिथली वाळू आन, आपल्याला घर बांधायचंय."

"कंटाळा येत नाही?"

"येतो की. पन मामा, तुमी आला ना, लई बरं वाटलं. पाच वर्षांत घरचं पयलं माणूस. समद्यांना सांगितलंय मी, माझा मामा फक्त मला भेटायला आलाय."

मी वाळूत बोटाने रेघा मारत राहिलो. त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं.

संध्याकाळी मी मृणालला फोन केला.

"सर?" ती म्हणाली. "कुठून बोलताय?"

"बिन ओमरानहून."

ती म्हणाली, "म्हणजे दोहातूनच! मी पण तिथेच राहते, सर. पेट्रोल पंपाच्या मागे. उद्या गुरुवार आहे, जेवायलाच या."

गुरुवारी संध्याकाळी मी चालत निघालो आणि हरवलो. सगळ्या इमारती सारख्याच. दोनदा फिरून त्याच चहाच्या दुकानापाशी आलो, तेव्हा दुकानदार हिंदीत म्हणाला, "चाचा, किसको ढूँढते हो? तीसरी बार है।" मी पत्ता दाखवला. तो हसला. "ये तो सामने है। आप दो बार इसके नीचे खड़े थे।" खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळेला मला दारावरचा नंबर दिसला होता.

मृणालने दार उघडलं. केस आखूड झाले होते, खांदे रुंद. "या सर," म्हणून तिने हातातली पिशवी घेतली. जणू मी गेल्या आठवड्यातच येऊन गेलो होतो. तिचा नवरा अमेय इथे एका फायनान्स कंपनीत आहे. तो रत्नागिरीचा असल्यामुळे मासे तोच करतो. हमूर (इथला पांढऱ्या जाड मांसाचा मासा) त्याने कोकम घालून केला होता आणि सोबत भाताऐवजी खुबूस (मोठी, मऊ, भाजलेली रोटी) घेऊन बघा म्हणाला. रस्सा खुबूसने पुसून खाताना मी बराच वेळ खाली मान घालू शकलो.

"इथे आले तेव्हा पहिलं वर्ष मी पेंग्विन ढकलत होते, सर," मृणाल सांगत होती. "मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर लहान मुलांना धरायला प्लास्टिकचे पेंग्विन असतात ना, ते. त्याआधी वर्षभर नाशिकला एका शाळेत पीटी घेतली. मग लग्न, मग हे."

"नंतर धार लावायला बसली," अमेय म्हणाला. "स्केट्सना. संध्याकाळी घरी यायची तर हात लोहारासारखे. मी म्हटलं, बाई, तू कोच आहेस की धारवाली?"

"धार लावता लावताच मुली भेटल्या पण. युनिव्हर्सिटीच्या चौघी आल्या, स्केट्स भाड्याने घ्यायला. एक कतारी, एक लेबनीज, दोन आपल्या केरळच्या. त्यांना खेळायचं होतं, शिकवायला कुणी नव्हतं. चारच्या आता एकोणीस झाल्यात. इतकी वर्षं हौसेवरच चाललं. आता कुठे त्यांनी पोस्ट काढलीय."

तिची पाच वर्षांची मुलगी ईरा इतका वेळ मला निरखत होती. "आजोबा, कॅन यू स्केट?"

"नाही गं."

"देन हाउ आर यू अ स्पोर्ट्स टीचर?"

"ईरा, मराठीत बोल," अमेय दटावून म्हणाला.

"बट ही अंडरस्टूड!" ती म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसलो.

जेवणानंतर मी खिशातून पत्र काढून दिलं. मृणालने उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली. "थँक यू, सर. रविवारपर्यंत द्यायचं होतं." मग म्हणाली, "हे ईमेलने आलं असतं की. एवढ्यासाठी आलात?"

"छे, विकासला भेटायला आलो. भाचा माझा. म्हटलं, हेही हातासरशी होईल."

"अच्छा," ती म्हणाली. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "उद्या सकाळी मुलींची मॅच आहे. शुक्रवारी मॉल उघडायच्या आधी आम्हाला बर्फ मिळतो. भाच्याला घेऊन या."

शुक्रवारी सकाळी विकास मेसईदहून कामगारांना दोहात सोडून आला. त्यांची सुट्टीची खरेदी होईपर्यंत त्याची बस उभीच असते. आम्ही दोघे मॉलच्या मागच्या दाराने आत गेलो. दुकानांची शटरं खाली, सरकते जिने बंद, आणि मध्यभागी खोलगट जागेत पांढराशुभ्र बर्फ. एक गाडी त्यावर पाणी सोडत सावकाश फिरत होती आणि मागे आरशासारखा पट्टा उमटत होता.

"मामा, ह्यो खरा हाय?" विकासने काचेला हात लावला आणि मागे घेतला. "आयला! पाच वर्षं हितं हाय, आन ह्यो गारठा फुकट हितं पडलेला!"

मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कुडकुडायला लागलो. मृणालने लांबूनच पाहिलं आणि संघाचं एक जाड जाकीट माझ्याकडे फेकलं. पाठीवर इंग्रजीत 'कोच' असं लिहिलेलं होतं. ते मी उलटं करून घातलं.

तिची गोलकीपर मरियम नावाची मुलगी होती. हेल्मेटच्या आत काळा स्कार्फ घट्ट बांधलेला, पायांना उशांसारखे पॅड. समोर एका क्लबचा संघ होता, वयाने मोठ्या बायकांचा. खेळ इतका वेगवान की पंधरा मिनिटं मला चकतीच दिसली नाही, फक्त लाकडावर आपटल्याचा आवाज यायचा. मृणाल बाकामागे येरझारा घालत होती. "यल्ला, यल्ला! चेंज!" (यल्ला म्हणजे चला) ती ओरडली की तीन मुली उडी मारून आत आणि तीन बाहेर. मध्येच एखादीला मराठीत "अगं बघ ना मागे!" मुलींना ते कळत असावं, कारण ती मागे बघायची.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा मुली एका गोलने मागे होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं, मग मृणालकडे. तिने हात वर केला.

मरियम गोल सोडून धावली. बाकावरून सहावी मुलगी आत शिरली आणि सगळ्याच्या सगळ्या समोरच्या गोलवर तुटून पडल्या. या वेळी मला ते दिसलं. आठ वर्षांपूर्वी मी नुसता मागचा मोकळा गोल बघत बसलो होतो, म्हणून पुढे काय चाललंय ते मला दिसलंच नव्हतं. दोन फटके अडवले गेले. तिसरा खांबाला लागला. मग क्लबच्या एकीला चकती मिळाली आणि तिने ती लांबून ढकलली.

तशीच गेली. सावकाश, घरंगळत, रिकाम्या गोलात.

"आरारारा," विकास म्हणाला. "गोलकीपर कुटं गेली म्हनायची?"

मरियम परत गोलमध्ये जाऊन उभी राहिली आणि थोड्याच सेकंदांत शिट्टी झाली. मुली एकदम वळल्या आणि आधी मरियमकडे गेल्या. एकेकीने तिच्या पॅडवर काठी टेकवली, हेल्मेटवर हात आपटला. शेवटची मुलगी तिच्या गळ्यातच पडली. मग दोन्ही संघ रांगेत उभे राहून हस्तांदोलन करत गेले. हरलो की जिंकलो, आधी गोलकीपर, मग बाकी सगळं. या खेळाची ही रीत आहे. लेहला माझ्या ओरडण्याने तीच रीत मोडली होती.

मुली कपडे बदलायला गेल्या. मृणाल कठड्याजवळ वाकून बादलीत चकत्या गोळा करत होती. मी तिच्यापाशी गेलो.

"चांगल्या खेळल्या," मी म्हणालो.

"हो ना. खांबाला लागला नसता तर बरोबरी होती." तिने आणखी दोन चकत्या टाकल्या. "सर, एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला खरंच माहीत नव्हतं ना?"

इथे 'हो' म्हणून सुटता आलं असतं. तिने तसं दार उघडून ठेवलं होतं.

"त्या दिवशी नव्हतं," मी म्हणालो. "आठ दिवसांनी कळलं."

"कसं?"

"पुस्तक वाचलं. लायब्ररीतलं. तू मागवलेलं."

ती वाकलेली तशीच थांबली. "ते पुस्तक सापडलं नव्हतं, सर."

"माझ्या ड्रॉवरमध्ये होतं." मी पिशवीतून ते काढलं आणि कठड्यावर ठेवलं.

तिने पुस्तकाला हात लावला नाही. मग म्हणाली, "त्या ग्रंथपालबाईंना मी केवढं बोलले होते. 'तुम्हीच मुद्दाम लपवलंत' असं त्यांना म्हणाले. रडल्या होत्या त्या माझ्यासमोर." पुढे बोलली, तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "मला वाटायचं, सरांना खेळ कळत नाही, त्यांची तरी काय चूक. एवढ्यावर मी तुम्हाला केव्हाच सोडून दिलं होतं. आता परत पहिल्यापासून सुरुवात करायला लागणार मला."

"मृणाल, मला..."

"नको. आत्ता मला नका सांगू काही." तिने बादली उचलली. "गौरीला सांगितलंत?"

"नाही."

"तिला अजून वाटतं, तिच्या त्या सहीमुळे माझी नोकरी गेली. मी शंभर वेळा सांगितलं, तिला पटत नाही. माझं मी सावरलं, सर. तिने स्केट्स विकले." तिने खिशातून माझं पत्र काढलं आणि पुस्तकावर ठेवलं. "आणि हे असं नको मला. उद्या इथून कॉलेजला फोन गेला, कुणी फाईल उघडली, तर तुमचा रिपोर्टच बाहेर येणार. आधी तो मागे घ्या. मग पत्र द्या. पुस्तक लायब्ररीत ठेवा, लागेल कुणाला तरी."

आतून मुलींचा हाकांचा गलका आला. "कमिंग!" ती ओरडली आणि गेली. जाकीट परत द्यायचं राहिलं. मी ते बाकावर घडी करून ठेवलं.

विकास तोवर दोन करक घेऊन आला होता. बसमध्ये बसल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होता.

"म्हंजी तुमी मला भेटायला न्हवता आला," तो शेवटी म्हणाला.

"नाही. म्हणजे..."

"मंग चकल्या कुणाच्या व्हत्या? मॅडमच्या?"

"तुझ्याच होत्या रे."

"मंग ठीक हाय." तो हसला, पण एवढंसंच. मग हात पुढे केला. "आना फोन. तुमाला टाईप करायला सांज व्हईल. तुमी सांगा, मी लिवतो."

त्या रिकाम्या बसमध्ये मी प्राचार्यांना उद्देशून मजकूर सांगितला आणि माझ्या भाच्याने तो अंगठ्याने टिपला. अहवाल चुकीचा होता, ते मला चौकशीआधी समजलं होतं, पुस्तक मीच दडवलं होतं, अहवाल मी मागे घेत आहे, प्रमाणपत्र रविवारच्या आत द्यावं. 'दडवलं' हा शब्द आला तेव्हा विकास थांबला. "ठेवलं होतं, आसं लिवू का?" मी म्हणालो, "नको. दडवलंच लिही." त्याने लिहिलं. "खलास?" "खलास." मग त्याने पाठवायचं बटण मला दाबायला दिलं.

उरलेला दिवस आम्ही समुद्रकाठच्या रस्त्याला भटकलो, जुन्या लाकडी होड्या पाहिल्या, खजूर घेतले. विकास नेहमीपेक्षा कमी बोलला. विमानतळावर पाया पडताना म्हणाला, "पुडच्या टायमाला नुसतं मला भेटायला या, मामा." मी इन्शाल्ला म्हणालो. त्याला त्याचं हसू आलं.

परतल्यावर प्राचार्यांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. समितीवर तेही होते, त्यामुळे रागाचा काही भाग स्वतःवरचा असावा. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात लागली आणि ती तिथे असल्याचं मला बरं वाटतं. प्रमाणपत्र वेळेत गेलं. पंधरा दिवसांनी मृणालचा दोन शब्दांचा निरोप आला: 'रुजू झाले.' खाली सही नाही, सर नाही. त्याहून जास्तीची अपेक्षा मी केली नव्हती, असं म्हणणं खोटं ठरेल.

पुस्तक लायब्ररीत दिलं. त्या वेळच्या ग्रंथपालबाई निवृत्त होऊन सांगलीला गेल्या आहेत. त्यांचा पत्ता मिळवला आहे.

वाळवंटात बर्फ पाहून आलो, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा सगळ्यांनी उत्सुकतेने प्रश्न विचारले. मी मॉलचं, गाडीचं, गारठ्याचं वर्णन केलं. पण तिथून मी काही आणलं असेल तर एकच गोष्ट, की हरल्यावर आधी कुणाकडे जायचं असतं. आणि ते करायला मला परतून आणखी तीन आठवडे लागले.

गौरी आता चिंचवडला एका विमा कार्यालयात काम करते. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गेलो. ती खाली आली, मला पाहून जागच्या जागी थांबली. हातात डबा होता. "सर, तुम्ही? मॅडम बऱ्या आहेत ना?" हे तिने पहिलं विचारलं. बसायला जागा नव्हती. पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मध्ये उभं राहून, प्रवासात शंभरदा घोकलेलं सगळं विसरून, मी जे बोललो ते असं:

"गौरी, त्या दिवशी तू बरोबर केलंस. मॅडमनी हात वर केला, तू आलीस, तो खेळच तसा आहे. मला तो कळत नव्हता. आठ दिवसांनी कळला, चौकशीच्या आधी, आणि तरी मी तुझ्या सहीचा कागद समितीपुढे ठेवला. ते नियमांचं पुस्तक मीच दडवून ठेवलं होतं. मॅडमची नोकरी तुझ्या सहीने गेली नाही, माझ्यामुळे गेली. आणि शिट्टी झाल्यावर मुली तुझ्याकडे येत होत्या, त्यांना मी अडवलं. तू बर्फावर एकटी उभी होतीस, ते मी पाहिलं होतं. माझं चुकलं, गौरी. मला माफ कर."